अँटेनाला साक्रीचाच हात लागतो

एरंडोल,
दि. १२ मे २०२२

तीर्थस्वरूप भटूआबा यांस, आपल्या घरी सध्या ज्याच्याविषयी बरंच बोललं जात असेल त्या आपल्या मेहुण्याचा, म्हणजे जीवरामचा, एरंडोलहून दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपली तब्येत, वहिनींचे गुडघे आणि गोठ्यातली ती मारकी म्हैस, तिघंही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे उन्हाने कहर केला आहे. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर ज्वारीच्या बिबड्या वाळत पडल्या आहेत, फक्त आमची गच्ची रिकामी आहे. (रिकामी म्हणजे बिबड्यांपुरती रिकामी. तिथे सध्या दुसरंच काही उभं आहे, ते पुढे येईल.) फोन असताना पत्र कशाला, असं आपण विचाराल. तर आबा, आपण फोन घेता, "हालो, हालो, आवाज येत नही" म्हणता आणि ठेवून देता. आणि आपल्या भगिनींचा फोन बंद असतो. शिवाय आपण पत्र स्वतः वाचत नाही, ओट्यावर बसून दुसऱ्याकडून वाचून घेता आणि मधे मधे "पुढे" म्हणता, ही आपली जुनी रीत. सध्या ते वाचायचं काम कोणाकडे असेल हे न कळण्याइतका मी भोळा नाही. (वाचणाऱ्या बाईंना नम्र विनंती: लिहिलं आहे तेवढंच वाचावं, पदरचं घालू नये, आणि "बाईंना" या शब्दापाशी थांबून नाक मुरडू नये.)

आता मूळ मुद्दा. आपल्या भगिनी सौ. पुष्पाबाई गेले तेवीस दिवस आपल्याकडे आहेत, आणि त्यांनी परत यावं यासाठी हे पत्र आहे. त्या का आल्या हे त्यांनी सांगितलं असेलच. पण कोर्टातसुद्धा दुसरी बाजू ऐकून घेतात, म्हणून माझी मांडतो. माझ्या मते या प्रकरणात पहिलं दोषी सरकार, दुसरी आमची लेक मोनाली, तिसरा भंगारवाला, आणि मी फार तर चौथा. (चौथा लिहिलं आहे. वाचताना पहिला करू नये.)

झालं असं की मार्चअखेर आमच्याकडे हवेतून येणारं जुन्या पद्धतीचं दूरदर्शन बंद झालं. ॲनालॉग म्हणतात त्याला. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा आपल्याला समजेल असं सांगतो. ॲनालॉग चित्र म्हणजे उन्हातान्हात एसटीने आलेला पाहुणा. अंगावर धूळ, आवाज बसलेला, कधी तर नुसती सावली, पण दारात यायचा. डिजिटल तसा नाही. आला तर इस्त्रीच्या कपड्यात येतो, नाहीतर येतच नाही, आणि निळ्या पडद्यावर चिठ्ठी ठेवतो की सिग्नल नाही. सरकारने म्हटलं, आता सगळ्यांनी इस्त्री करूनच यायचं. यात सरकारचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हे मी मान्य करतो, म्हणून तर मला बोलता येत नाही. ज्या संध्याकाळी ते बंद झालं तेव्हा आम्ही दोघं बातम्या लावून बसलो होतो. एकदम पडद्यावर मुंग्या. मी म्हटलं, संपलं. आपल्या भगिनी म्हणाल्या, "थांबा, वारा शे." आणि जेवणाची वेळ होईपर्यंत त्या मुंग्या बघत बसल्या. मीही बसलो. मुंग्यांकडे माणूस बराच वेळ बघत राहिला की काही ना काही दिसायला लागतं. मला आमचे जुने मुख्याध्यापक दिसले.

आपण म्हणाल, गल्लीत सगळ्यांकडे केबल आली, डिशच्या छत्र्या आल्या, शंभर शंभर वाहिन्या आल्या, तुम्ही दोन हजार बावीस सालापर्यंत अँटेना कशाला धरून बसला होतात? हाच प्रश्न मी वीस वर्षं घरात विचारत होतो. आपल्या भगिनींचं एकच उत्तर: "आपलं चांगलं चालू शे ना?" टीव्हीचा संच आम्ही तीनदा बदलला, पण अँटेना बदलू दिली नाही. मला वाटायचं, आंदणातली वस्तू आहे, बायकांना असतं.

आंदणाचं आपल्याला सांगायला नको, पण आठवणींचा ओघ आहे, वाहू द्या. छप्पन्न लग्नांत जेवलो असेन, पण १९८६ च्या वैशाखातलं आमचं लग्न ते आमचं लग्न. नानांनी, आपल्या वडिलांनी, लेकीला भांडी दिली, कपाट दिलं, आणि फळीच्या दाराचा, कुलूप लागणारा टीव्ही दिला. साक्रीत तेव्हा डोंगरापायी चित्र धड येत नव्हतं, आपल्या घरात टीव्ही नव्हता. ज्या माणसाने स्वतःच्या घरी कधी टीव्ही पाहिला नाही त्याने लेकीला टीव्ही द्यावा, याचं आमच्याकडे फार कौतुक झालं. अँटेना वऱ्हाडाच्या ट्रकवर उभी बांधली होती. पारोळ्याला ट्रक चहाला थांबला तेव्हा एकाने येऊन विचारलं होतं की ही कुठल्या पक्षाची निशाणी. आपणच त्याला सांगितलंत, "नवरदेवना पक्षनी." काय दिवस होते आबा! मला तो ट्रक आठवला की अजून गुलालाचा वास येतो.

नानांनी स्वतः आमच्या गच्चीवर लोखंडी पाइप रोवला, त्यावर अँटेना बसवली, तोंड जळगावकडे केलं. चित्र असं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईंच्या कुड्या मोजता याव्यात. पण पंधरा-वीस दिवस गेले की वारा सुटायचा आणि अँटेना हळूहळू पश्चिमेला वळायची. जळगावकडे पाठ, साक्रीकडे तोंड. मी आईला गमतीने म्हणायचो, सून तर सून, हिच्याबरोबर आलेली अँटेनासुद्धा माहेराकडे बघते. मग मी पोस्टकार्ड टाकायचो: "चित्र बिघडले आहे, यावे." चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीने नाना हजर. हातात पाना, खांद्यावर फडक्यात बांधलेली भाकरी, आणि पाण्याची स्वतःची बाटली. कारण लेकीला मूल होत नाही तोवर बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्या पिढीची रीत. आणि आम्हाला नऊ वर्षं मूल नव्हतं. नऊ वर्षं नानांनी आमच्या घरातला थेंब घेतला नाही. ओट्यावर उभ्या उभ्या आमच्या आईला राम राम करायचे आणि सरळ जिना चढून गच्चीवर. पाइप धरायला कोणी तरी लागायचं, म्हणून मागोमाग आपल्या भगिनी.

मी खाली टीव्हीपुढे. गच्चीवर मी कधी जात नसे, मला उंचीवर गरगरतं. (हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शाळेत झेंडावंदनाला गच्चीवरून फुलं टाकायची असायची तेव्हा मी घसा बसल्याचं कारण सांगायचो. घसा आणि फुलं यांचा संबंध कोणी विचारला नाही.) खालून मी ओरडायचो, "आलं! आलं! एकदम बरोबर आलं!" आणि वरून नानांचा आवाज यायचा, "आजून बरोबर नही शे, जवाईबापू, थांबा!" मी म्हणायचो, काय हा माणूस, चित्र न बघता याला वरून कळतं! दीड-दोन तास हे चालायचं. भाकरीसुद्धा ते वरच खायचे. मग उतरायचे, आईला परत राम राम, आणि दुपारच्या गाडीने धुळे. मी वर्गात मुलांना सांगायचो की दिशा शोधणं हे किती चिकाटीचं काम आहे ते आमच्या सासऱ्यांकडून शिका.

एकदा नाना येण्याआधीच मी चौकातल्या नूर महंमदला बोलावलं. टीव्ही दुरुस्तीत त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हता. तो वर गेला, दोन मिनिटांत खाली आला, चित्र झकास. पुढच्या वेळी मात्र बोलावलं तर येईना. म्हणाला, "गुरुजी, तुमची अँटेना साक्रीची आहे, तिला साक्रीचाच हात लागतो." आणि आबा, मी, विज्ञानाचा पदवीधर, हे खरं मानलं. स्टाफरूममध्ये मी त्याची कारणमीमांसासुद्धा दिली होती, धातूच्या सवयीबद्दल काहीतरी. पुढे मोनाली झाली. नानांनी आमच्या घरात पहिल्यांदा पाणी घेतलं, सबंध तांब्या एका दमात, आणि आईने दुसरा भरून दिला तर तोही. तरीही अँटेना सुटायची ती सुटतच राहिली आणि नाना यायचे ते येतच राहिले. दोन हजार चार साली नाना गेले. त्यानंतर अँटेना एकदाही फिरली नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही! मी म्हणायचो, आजूबाजूला मजले चढले, वारा अडला.

आता मोनालीचा दोष. टीव्ही बंद पडल्याचं कळल्यावर तिने नाशिकहून फोनवरच छत्री मागवली. छत्री बसवणारा म्हणाला, काका, ही जुनी अँटेना आता कशाला, भंगारात द्या. त्याच वेळी गल्लीत शेहजाद भंगारवाल्याची हातगाडी आली. हा योगायोग मी केलेला नाही. शेहजादने वर चढून अँटेना सोडवली, लोखंडी पाइप सिमेंटमध्ये असल्यामुळे तो राहू दिला, आणि अँटेनाच्या बदल्यात मला एक लाल प्लॅस्टिकची बादली दिली. बादली चांगली होती, कडी पितळी रंगाची. मी ती मोरीत न ठेवता मुद्दाम दारात ठेवली, दिसावी म्हणून. आपल्या भगिनी त्या दिवशी चतुर्थीसाठी पद्मालयाला गेल्या होत्या. आल्या, बादली पाहिली, विचारलं, "हाई काय शे?" मी अभिमानाने सांगितलं. त्या वर गेल्या. खाली आल्या. भांडल्या असत्या तर मला उत्तरं तयार होती. दोन लुगडी पिशवीत घातली, मोदकाचा प्रसाद माझ्या हातावर ठेवला, म्हणाल्या, "मी साक्रीले जास," आणि बादली उचलून निघाल्या. बादली कशाला नेली हे मला अजून कळलेलं नाही.

पहिला आठवडा मी रागात काढला. दुसऱ्या आठवड्यात नूर महंमदला बोलावलं, हेतू हा की पाइप शिल्लक आहे तर कुठूनतरी दुसरी अँटेना आणून ठोकून द्यावी. त्याने आता टीव्हीचं काम सोडलं आहे, मोबाइलची कव्हरं विकतो. गुडघे धरत वर गेला आणि वरूनच ओरडला, "गुरुजी, वर या." मी म्हटलं, घसा बसलाय. तो म्हणाला, "या तर खरं." मग गेलो, बसत बसत, एकेक पायरी. पाइपावर लाल ऑइलपेंटचा बोटभर पट्टा होता. तो म्हणाला, "ही नानांची खूण. जळगावचं चित्र बरोबर इथे. अँटेनाचा नट या खुणेला आणला की काम एका मिनिटाचं." मी म्हटलं, मग दोन तास काय चालायचं? तो म्हणाला, "तुम्ही विज्ञान शिकवत होते ना?"

मग त्याने सांगितलं ते तसंच लिहितो. मी त्याला बोलावलं होतं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नाना त्याच्या दुकानात गेले होते. त्याला म्हणाले, "नूर मियाँ, तू चांगलं करस, मन्हं काम बिघडस." जाताना नट अर्धा ढिला ठेवून जाणारे नानाच. बाकीचं काम खानदेशचा वारा करायचा. नूर महंमद म्हणाला, "लेकीच्या घरी बाप बिनकामाचा सारखा आला तर चार लोक बोलतात. घरात तुमच्या आईसमोर लेक काय सांगणार? बाप म्हणून महिन्या-महिन्याला येता येत नाही, गुरुजी. मेकॅनिक म्हणून येता येतं." नऊ वर्षं मूल नव्हतं, त्या नऊ वर्षांत आमची आई तिला काय काय बोलायची ते मी ऐकत होतो. ऐकून टीव्हीचा आवाज वाढवत होतो. हे लिहिताना मला लाज वाटते आहे आणि ती वाटायलाच हवी. आणि नानांना बोलावणारी सगळी पोस्टकार्डं मीच, माझ्या वळणदार अक्षरात, माझ्या खर्चाने टाकली!

नूर महंमद उतरून गेला, मी वरच बसून राहिलो. एक तर उतरायची भीती वाटत होती. दुसरं म्हणजे तिथून काय दिसतं ते मी प्रथमच पाहत होतो. आबा, आमच्या गच्चीवरून स्टँडमधून सुटलेली धुळ्याची गाडी थेट वळणापर्यंत दिसते. नाना गाडीला निघाल्यावर "कपडे वाळत घालते" म्हणून त्या अर्धा अर्धा तास वर का थांबायच्या, ते मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी समजलं.

दुसऱ्या दिवशी शेहजादच्या वखारीवर गेलो. म्हटलं, माझी अँटेना परत दे. तो म्हणाला, "गुरुजी, कोणती?" आणि मागे हात केला. तिथे ढीग होता, आबा. एरंडोल, कासोदा, धरणगाव, सगळ्या गावांच्या गच्च्यांवरच्या अँटेना एकावर एक पडलेल्या. मी अर्धा तास शोधलं. आपली ओळखायची कशी? आपल्या अँटेनाची एक कांडी वाकलेली होती एवढंच मला माहीत, आणि तिथे प्रत्येकीची एक कांडी वाकलेली. छत्तीस वर्षं तिच्या जिवावर बातम्या पाहिल्या, पण तोंड म्हणून कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यातल्या त्यात आपल्यासारख्या वाटणाऱ्या तीन घेऊन आलो. कुठली खरी ते ठरेना, म्हणून तिन्ही पाइपावर बांधल्या आहेत. गल्लीतली मंडळी विचारतात, गुरुजी, स्वतःचं केंद्र काढलं का? मी हो म्हणतो.

तर विनंती एवढीच की ओळख पटवण्यासाठी आपल्या भगिनींना पाठवून द्यावं. दोन तासांचं काम आहे. झालं की त्यांनी राहावं की परत साक्रीला जावं हा त्यांचा प्रश्न, माझा आग्रह नाही. मी इकडे उत्तम आहे. स्वयंपाक येतो. वरणाला थोडा करपट वास येतो तो मला आवडू लागला आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीपासून जपून राहावं.

आपला,
जीवराम

ता. क. : "माझा आग्रह नाही" हे वर लिहिलं आहे, ते पत्राला शोभावं म्हणून लिहिलं आहे. आग्रह आहे.

ता. क. दुसरा : आबा, हे खास आपल्याला. त्यांना पोचवायला नातवाला किंवा गाडीवाल्याला पाठवू नका, आपण स्वतः या. नाना गेल्यापासून अठरा वर्षांत साक्रीचं कोणी आमचा जिना चढलेलं नाही. दर वेळी आपण म्हणता, काही काम निघालं तर येईन. तर काम निघालं आहे. तिन्ही नट मी ढिले ठेवले आहेत, आणि वारा इकडे भरपूर आहे. दूरदर्शन बंद आहे, तेव्हा अँटेना सरळ होऊन काही दिसणार नाही, त्यामुळे घाई नाही. चांगले आठ दिवस काढून या.

ता. क. तिसरा : (हा मजकूर मोठ्याने वाचू नये. आबांनी "पुढे" म्हटलं तर "पत्र संपलं" म्हणावं.)

पुष्पा, लग्न झाल्यापासून तुला नावाने हाक मारली नाही, तेव्हा कागदावर लिहितानाही दोनदा दाराकडे पाहिलं. नाना वर तुला काय विचारायचे, तू काय सांगायचीस, मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस यात तुझी चूक नाही, मी खालून नुसता "आलं, आलं" म्हणून ओरडत होतो. पण या घरात तुझं बरं चाललंय का, एवढं तरी मी छत्तीस वर्षांत एकदा विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. उत्तर पत्राने पाठवू नकोस. खाली घरात सांगायला नको वाटलं तर गच्चीवर सांग. मी आता रोज जिना चढतो. उतरताना अजून भिंत धरावी लागते, पण चढता येतं.